गजराआत्तीचे एकवीस दिवस

गजराआत्ती खायची कुठलीही वस्तू आधी कानाजवळ नेऊन मोडायची. मग ती नाकाजवळ धरायची, आणि या दोन्ही परीक्षांत वस्तू पास झाली तरच तोंडात टाकायची. बिस्किट असो, पापड असो, नाहीतर कुणाच्या घरची चकली. मोडताना कोरडा आवाज आला की समाधानानं मान हलवायची. आवाज मऊ आला की म्हणायची, "सादाळलंय." आणि हुंगल्यावर कपाळाला आठी पडली, तर उरलेला तुकडा बशीच्या कडेला ठेवून द्यायची. एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण यजमानांना त्याचं कारण सांगितल्याशिवाय तिला राहवायचं नाही.

माझं लग्न ठरवायला आम्ही शहापुरात गेलो होतो. खाली हातमाग चाललेले, वर माडीवर आम्ही बसलेलो. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी शंकरपाळ्यांची बशी पुढं केली आणि सहज विचारलं, "कशा झाल्यात बघा." आत्तीनं एक उचलली, कानाजवळ मोडली, हुंगली आणि अगदी मायेनं म्हणाली, "चांगल्या हाईत बाई. पर तेल दुसऱ्यांदा वापरलंयसा. आठ दिसात खवाट हुत्याल. आजच पोरास्नी वाटून टाका." वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला. परतीच्या बसमध्ये ते तिच्यावर चिडले, तेव्हा ती म्हणाली, "तिनं इच्यारलं कशा झाल्यात. मग काय सांगू? खोटं?" हा प्रश्न तिला खरोखर पडलेला होता. लग्न तरीही ठरलं. सासूबाईंनी ती शंकरपाळी पुढं वीस वर्षं मला ऐकवली, ही गोष्ट वेगळी.

गजराआत्ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्याकडं आत्याला आत्ती म्हणतात. लग्नानंतर चार वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती निपाणीला भावाच्या घरी परत आली. मूलबाळ नव्हतं. माझी आई सारखी आजारी, त्यामुळं मला न्हाऊमाखू घालण्यापासून बेळगावच्या कॉलेजात नाव घालण्यापर्यंत सगळं आत्तीनंच केलं. तीसेक वर्षं ती तंबाखूच्या वखारीत कामाला होती. पहाटे जायची, दिवस मावळताना यायची. लुगड्याला, केसांना, तिच्या हातच्या भाकरीलासुद्धा तंबाखूचा वास असायचा. आमच्या भागातल्या बायका बोलताना 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात. ती दारातून हाक मारायची, "मी आलो गं," आणि त्या हाकेआधी तो वास घरात आलेला असायचा.

वखारीनं तिला साठवणं शिकवलं. माल कधी उघडायचा, कधी झाकायचा, हे ती आभाळ बघून सांगायची. मूठभर तंबाखू हातात दाबून ती सोडली, की पान कसं उलगडतं त्यावरून त्यात किती ओल आहे ते तिला कळायचं. वखारीचे मालक तिला बायकांच्या रांगेतून बोलावून घ्यायचे, पोत्यात हात घालायला लावायचे आणि तिचं ऐकून मग पुन्हा रांगेत पाठवायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं. पण मी ते तिला कधी बोलले नाही.

हीच विद्या तिनं चुनचुनीला लावली. चुनचुनी म्हणजे डुकराची कातडी आणि तिच्या खालची चरबी यांचे बारीक तुकडे, स्वतःच्याच चरबीत कढवून कुरकुरीत तळलेले. आमच्या गल्लीत डुकराचं मटण खाल्लं जायचं आणि गल्लीत कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. वाटायचं ते गल्लीच्या बाहेर. रविवारी सकाळी आत्ती गावाबाहेरच्या खाटकाकडून कातडी आणायची, लोखंडी कढईत मंद जाळावर तास-दीड तास कढवायची. तुकडे आकसायचे, चरबी सुटून वर यायची. ते झाऱ्यानं काढून, निथळून, गार करून ती पुन्हा कडकडीत चरबीत सोडायची, तेव्हा ते फुलून यायचे. मग सुपात पसरून ठेवायचे आणि त्याला हात लावायचा नाही.

"गरम झाकलं की ते रडतंय," ती म्हणायची, "आणि रडलं की सादाळतंय." झाकणाला आतून जमणाऱ्या वाफेला ती रडणं म्हणायची. मीठ शेवटी, पूर्ण गार झाल्यावर: "आधी लावलंस तर मीठ पानी मागतंय." डबा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, तोही फडताळाच्या अंधाऱ्या कप्प्यात. काचेची बरणी तिला चालत नसे. "उजेड त्येला आधी खातोय. मग आपल्याला काय ऱ्हातंय?" ओला हात डब्यात घातला तर ती माझ्या मनगटावर फटका मारायची. आणि सगळ्यात वरचं तिचं वाक्य: "सादाळल्यालं परत तळता येतंय. खवाटल्याल्याला उकिरडाच."

एका दिवाळीनंतर तिनं सात लहान डबे भरले आणि फडताळात ओळीनं लावले. दर तीन दिवसांनी एक उघडायची, कानाजवळ मोडायची, हुंगायची, चाखायची आणि भिंतीवर कोळशाची रेघ ओढायची. सातवा डबा एकविसाव्या दिवशी निघाला, तो चांगला होता. पण त्यातले थोडे तुकडे तिनं आणखी दोन दिवस ठेवले आणि तेविसाव्या दिवशी तोंडात टाकून थुंकले. मी खाल्ले, मला काहीच फरक कळला नाही. ती म्हणाली, "तुला कळायचं न्हाय. पर त्यात खवाटाचं बी पडलंय." तेव्हापासून तिचा हिशोब ठरला: उन्हाळ्या-हिवाळ्यात एकवीस दिवस, पावसाळ्यात बारा. त्यानंतरचा डबा कितीही भरलेला असो, तो गल्लीतल्या कुत्र्यांचा.

मी रसायनशास्त्र शिकले आणि बेळगावच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. चरबीला हवेतला प्राणवायू लागला की काय होतं, उजेडानं आणि उष्णतेनं ते कसं वेगानं होतं, हे मी दरवर्षी अकरावीच्या मुलांना शिकवते. उदाहरण तुपाचं देते, शेंगतेलाचं देते. फडताळातल्या सात डब्यांचं उदाहरण मी आजवर कधी दिलेलं नाही.

एकदा ती डबा घेऊन थेट कॉलेजच्या फाटकापाशी आली. खानापूरला कुणाकडं तरी निघाली होती, वाटेत मला द्यावा म्हणून. माझ्यासोबत आमच्या विभागातल्या एक बाई होत्या. त्यांनी हसत विचारलं, "काय आणलंय आत्यांनी?" मी म्हणाले, "कडबोळी." त्या म्हणाल्या, "मग उद्या आम्हालाही हवीत." मी हसले. त्या गेल्यावर आत्ती रस्त्याच्या कडेनं थोडा वेळ माझ्याबरोबर चालली. मग म्हणाली, "कडबोळी व्हय?" एवढंच. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून खरीच कडबोळी विकत घेऊन स्टाफरूममध्ये ठेवली. सगळ्यांनी आत्तीच्या हाताची तारीफ केली.

तिच्या वखारीत काम कमी होत गेलं आणि एक दिवस ती बंद पडली. आत्ती तेव्हा साठीला आलेली. तिच्यासोबतच्या तीन बायकांचंही काम गेलं. त्यातली हौसाबाई आमच्या शेजारची, नवरा नसलेली, एका मुलीची आई. तिची मुलगी बारावी होऊन नर्सिंगला गेली होती. या चौघींनी मिळून चुनचुनी विकायची ठरवली, आणि परवान्याची, नोंदणीची सगळी कागदपत्रं मी केली. शिकलेली मीच होते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन कढया मांडल्या. निपाणीतल्या बारमध्ये, धाब्यांवर माल जायला लागला. दारूबरोबर खायला लोकांना तो फार आवडला.

पिशवीवर काय लिहायचं, हे आत्तीनं सांगितलं आणि मी मराठीत लिहिलं. मी नुसतं 'कुरकुरीत चुनचुनी' लिहिलं होतं. ती म्हणाली, "डुकराचं हाय ते लिव्ह. मोठ्या अक्षरात. ज्येला नगं त्येला कळाय पायजे." त्याखाली: तळल्यापासून एकवीस दिवसांत खावे. दर सोमवारी ती आणि हौसाबाई सगळ्या दुकानांतून फिरायच्या आणि दिवस संपत आलेल्या पिशव्या परत आणायच्या. बारवाले तिला हसायचे. एकजण म्हणाला, "आजी, पिणाऱ्याला काय कळतंय?" ती म्हणाली, "त्येला न्हाय कळत. म्हणून तर मी आलोय."

दीड वर्ष हे चांगलं चाललं. त्या बायका हसायला लागल्या होत्या. हौसाबाईच्या घरावर नवे पत्रे आले. मग बेळगावचे एक पुरवठादार आले, मल्लप्पा नावाचे. ते बेळगावपासून खानापूर रस्त्यानं गोव्याच्या हद्दीपर्यंतच्या बारना खारे पदार्थ पुरवायचे. त्यांनी एक पिशवी फोडून खाल्ली आणि महिन्याला चौघींना झेपणार नाही एवढ्या मालाची मागणी सांगितली. अट एकच होती.

"एकवीस दिवसात माझा माल गाडीतनं उतरत न्हाई," ते म्हणाले. "तीन महिन्याची तारीख पाहिजे."

"तीन म्हैने ऱ्हात न्हाय ते," आत्ती म्हणाली.

"बाकीचे लोक सहा-सहा महिने घालत्यात."

"बाकीच्यांचं मला म्हाईत न्हाय. माझं एकवीस दिस."

मल्लप्पा गेले. संध्याकाळी हौसाबाई माझ्याकडं आली. मी दोन दिवसांसाठी निपाणीला होते. ती म्हणाली, "बाई, तुम्ही आत्तीला समजवा. पोरीचं शेवटचं वर्ष हाय. एवढी मोठी मागणी परत दारात येतीया व्हय?" मी तिला सांगितलं, बघते.

मी खरंच बघितलं. आतून चंदेरी थर असलेल्या जाड पिशव्या मिळतात, त्यात हवा लागत नाही, उजेड लागत नाही. अशा पिशवीत माल तीन महिने टिकू शकतो, हे पुस्तकात होतं. पण आमचा माल, आमच्या कढईतला, आमच्या उन्हाळ्यात टिकतो का, हे बघायला तीन महिने थांबून पिशव्या उघडून तपासायला हव्या होत्या. ते आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत करता आलं असतं. मी ते केलं नाही. मल्लप्पा थांबणार नव्हते, हे एक कारण. दुसरं कारण मी तेव्हा स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

मी मल्लप्पांना फोन करून होकार दिला. नव्या पिशव्यांवरची छपाई कन्नड आणि इंग्रजीत होती. माल आता लांब जाणार होता, ते योग्यच दिसत होतं. आत्ती चिकोडीकडच्या शेतकऱ्यांशी तासन्‌तास कन्नड बोलायची, पण तिला कन्नड अक्षर वाचता येत नव्हतं. इंग्रजी तर नाहीच. मुदत मी शब्दांत छापून घेतली. आकडा टाळला. आकडा तिला कळला असता.

मी तिला सांगितलं, "आत्ती, मल्लप्पा एकवीस दिवसांवर तयार झाले. नव्या पिशव्या आल्यात."

तिनं एक पिशवी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. कन्नड ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हितं एकवीस लिव्हलंय?"

"व्हय," मी म्हणाले.

तिनं पिशवी बाजूला ठेवली आणि कढईखालचा जाळ सारखा केला. पुन्हा विचारलं नाही. माझ्या शब्दावर तिनं आयुष्यात कधी पुन्हा विचारलेलं नव्हतं.

मागणी एवढी मोठी होती, की चंदेरी पिशव्या दुसऱ्याच महिन्यात संपल्या. मल्लप्पांनी त्यांच्याकडून साध्या पारदर्शक पिशव्या पाठवल्या, तीच छपाई करून. मला फोन आला, मी बेळगावात परीक्षेच्या गडबडीत होते, मी म्हणाले चालेल. मार्च संपला. एप्रिल गेला. बारच्या काउंटरवर, उघड्या उजेडात, पंख्याच्या गरम वाऱ्यात त्या पिशव्या लटकत राहिल्या.

मे महिन्यात एका दुपारी मल्लप्पा टेम्पो घेऊन निपाणीला आले. कॉलेजला सुट्टी होती, मी शेडमध्येच होते. त्यांनी चार खोकी उतरवून आत्तीसमोर ठेवली.

"बाई, माल परत यायला लागलाय. दोन बारवाले माझ्या अंगावर धावले. एका गिऱ्हाइकाला रात्रभर उलट्या झाल्या."

आत्तीनं एक पिशवी फोडली. एक तुकडा कानाजवळ मोडला, हुंगला आणि लगेच हात लांब केला. मला चार हातांवर तो वास आला. जुन्या रंगाच्या डब्यासारखा, घसा धरणारा.

"कवाचा हाय ह्यो माल?" तिनं विचारलं.

"दोन महिने झाले."

"दोन म्हैन्याचं इकताय कशाला? एकवीस दिसाचं सांगितलंतं न्हवं?"

मल्लप्पांनी पिशवी उचलली, तिच्या डोळ्यांसमोर धरली आणि बोट फिरवत वाचलं, "मूरू तिंगळ अंत बरदैति. बघा की. तीन महिने. तुम्हीच छापून घेतलंय."

आत्तीला वाचता येत नव्हतं, पण 'मूरू तिंगळ' ऐकून तिला लगेच समजलं. तिनं पिशवीकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. हौसाबाई झारा हातात धरून उभी होती, बाकीच्या दोघी दारात. मल्लप्पा म्हणत होते, "तुमच्या लोकांच्या हातचं खायाचं घेतलं, हीच माझी चूक झाली. सगळे म्हणत होते मला." मी तोंड उघडलं. बोलायचं वाक्य माझ्याजवळ होतं, साधं होतं, चार शब्दांचं. पण तक्रार झाली तर चौकशी होईल, कॉलेजात कळेल, कशाच्या पिशव्या ते कळेल, असं सगळं एकदम डोक्यात आलं आणि तोंड उघडंच राहिलं.

"मीच सांगितलंतं," आत्ती म्हणाली. "तीन म्हैने लिव्ह म्हनून. म्हातारपणी हाव सुटली, अण्णा. माझी चूक हाय."

हौसाबाईच्या हातातला झारा खाली आला. ती आत्तीकडं बघत राहिली. मल्लप्पा खोकी तिथंच टाकून गेले.

दुसऱ्या दिवसापासून आत्ती एकटी बाहेर पडली. अजून काही दुकानांत माल लटकलेला होता. तो आणायला ती तीन दिवस पोतं घेऊन बसनं फिरली, संकेश्वर, बेळगाव, पार खानापूरपर्यंत. मी म्हणाले, मी येते. ती म्हणाली, "तू ऱ्हा घरात." एका बारवाल्यानं तिला आत येऊ दिलं नाही, पिशव्या पायरीवर टाकल्या. दुसऱ्यानं पायानं सरकवल्या. हे मला तिनं सांगितलं नाही. त्या रस्त्यावर भाजी विकणाऱ्या ओळखीच्या बाईनं नंतर सांगितलं. तिसऱ्या दिवशी परत आल्यावर तिनं शेडमागं खड्डा खणला, एकेक पिशवी फोडून त्यात रिकामी केली आणि वर माती ओढली. कुत्र्यांनासुद्धा ते खाऊ दिलं नाही.

कढया पुन्हा चढल्या नाहीत. निपाणीतल्या बारवाल्यांनीही माल घेणं बंद केलं. गल्लीत लोक आत्तीचंच वाक्य आत्तीबद्दल बोलायला लागले: म्हातारपणी हाव सुटली. हौसाबाईनं तिच्याशी बोलणं सोडलं. मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहून गेलं ते राहूनच गेलं.

महिन्याभरानं मी धीर करून तिच्यापुढं बसले. ती तांदूळ निवडत होती.

"आत्ती, मी सगळ्यांना सांगते. खरं काय ते."

"कवा?"

तिनं हे रागानं विचारलं नव्हतं. तिला खरंच दिवस हवा होता. ती थोडा वेळ थांबली आणि पुन्हा तांदळात बोटं फिरवायला लागली.

"नोकरी हाय तुझी. ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. मग खडे बाजूला काढत काढत विचारलं, "पर मला एक सांग. तुमच्या कॉलेजात तपासायची येवस्था हाय म्हनत हुतीस. थितं एक पिशवी का न्हाय बघितलीस?"

निदान या एका प्रश्नाला तरी खरं उत्तर द्यावं म्हणून मी म्हणाले, "तिथं सांगावं लागलं असतं, हे काय आहे ते."

तिनं काढलेले खडे दाराबाहेर टाकले. मग म्हणाली, "कडबोळी म्हणायचं हुतंस की."

यानंतर आमच्यात बोलणं होत राहिलं. खाणं-पिणं, दुखणी, पाऊस. मी दर पंधरा दिवसांनी निपाणीला जायची, ती मला भाकरी वाढायची. पण तिनं मला परत कुठलाही कागद दाखवला नाही. लाइटबिल आलं तरी कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून वाचून घ्यायची. पेन्शनच्या कागदावर मी सांगितलं म्हणून अंगठा उठवला नाही. दुसऱ्या दोघांना विचारलं, मग उठवला. माझ्यासमोर विचारलं. मला लागावं म्हणून नाही. चांगलं-वाईट पारखायची तिची एक रीत होती, आणि त्या रीतीत मी आता बशीच्या कडेला होते.

दोन वर्षांनी तिच्या पोटात दुखायला लागलं. बेळगावच्या एका इस्पितळात मी तिला ठेवलं. तपासणीचा कागद आला, इंग्रजीत. मी तो उभ्याउभ्या वाचला आणि घडी घालत म्हणाले, "सूज आहे आत्ती. औषधानं उतरेल."

तिनं माझ्या हातातून कागद घेतला आणि सलाईन बदलायला आलेल्या नर्सपुढं धरला. "बाळ, तू वाच."

नर्स माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्यांनी वाचलाय की, आजी. त्या शिकलेल्या हाईत."

"लई शिकल्याली हाय," आत्ती म्हणाली. "तू वाच."

त्या मुलीनं कागद वाचला. माझ्याकडं बघितलं. मग खाली मान घालून म्हणाली, "गाठ आहे, आजी. पसरलीय." आत्तीनं मान हलवली. कागद उशीखाली ठेवला. "किती दिस?" तिनं विचारलं. नर्स म्हणाली ते डॉक्टर सांगतील. "त्येंना म्हणावं, हाय तेवढंच सांगा," आत्ती म्हणाली आणि भिंतीकडं वळून झोपली. मी पायापाशी स्टुलावर बसून राहिले. मी तिच्या पायावर हात ठेवला होता. तिनं पाय काढून घेतला नाही, एवढंच मला सांगता येईल.

त्यानंतर ती अडीच महिने जगली. शेवटचे दिवस निपाणीतच काढले. दशम्या-भाकरीपासून पाण्यापर्यंत सगळं मीच भरवलं; तेवढ्यापुरती रजा मला मिळाली. ती गेली त्या सकाळी बोलणं बंद झालं होतं, डोळे उघडे होते. शोकसभेत भावकीनं मला बोलायला उभं केलं. शिकलेली मीच होते. मी तिच्या कष्टाबद्दल बोलले, वखारीबद्दल बोलले, तिनं मला कसं शिकवलं त्याबद्दल बोलले. मधेच मला रडू आलं. लोक म्हणाले, पोरगीच होती ती तिची.

गेल्या महिन्यात निपाणीच्या बसस्थानकावर हौसाबाई भेटली. ती आता कुठल्याशा लहान शेडमध्ये तंबाखू चाळायला जाते. खोकत होती. मुलीचं लग्न करून दिलं, म्हणाली, तिकडं शेतात जाते ती. माझी विचारपूस केली, मुलं काय करतात विचारलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तुमची आत्ती मानूस वाईट न्हवती, बाई. मी बोलायची बंद झालो, त्याचं आता वाईट वाटतंय. पर तेवढी तीन म्हैन्याची हाव केली नसती तिनं, तर आमचं आज बरं असतं."

बेळगावची गाडी फलाटाला लागत होती. कंडक्टर दारातून ओरडत होता. माझ्याजवळ वेळ होता, गाडी दहा मिनिटं थांबते.

"व्हय," मी म्हणाले, आणि गाडीत चढले.